विश्लेषण : खाशाबा आणि पेटकर दरवर्षी मोबाइलवर का परततात?

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुने कृष्णधवल छायाचित्र फिरू लागते. बुटका, भरीव खांद्यांचा एक पैलवान आणि खाली मजकूर : भारताला पहिले पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव, पुढे पाठवा. दोन-तीन दिवस स्टेटस, रील, शाळांच्या पोस्ट, नेत्यांची अभिवादने असे सगळे होते. संक्रांत उतरली की छायाचित्रही उतरते.

१५ जानेवारी २०२६ रोजी खाशाबांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली.  मैदान सोडून दशके लोटलेला, हयात नसलेला खेळाडू मोबाइलवर लोकप्रिय कसा होतो? ती लोकप्रियता नेमकी कशावर उभी असते? आणि तिच्यातून हाती काय लागते?

लाट कधी येते?

खाशाबांचे ऑनलाइन वर्ष मोजक्या तारखांचे आहे. १५ जानेवारी ही जयंती. २०२३ साली याच दिवशी, ९७व्या जयंतीनिमित्त, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे डूडल लावले. कामासाठी म्हणून मोबाइल उघडलेल्या माणसाला समोर एक पैलवान दिसला आणि त्याने चित्रावर बोट ठेवले. अनेक तरुणांची खाशाबांशी पहिली ओळख अशी झाली. त्याच वर्षी राज्य सरकारने १५ जानेवारी हा ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे २०२४ पासून शाळा, महाविद्यालये आणि क्रीडा कार्यालये यांच्या अधिकृत पोस्टींचीही भर पडली.

दुसरी तारीख २३ जुलै, हेलसिंकीतल्या पदकाची. ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तिसरी १४ ऑगस्ट. १९८४ मध्ये याच दिवशी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. पण दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन असतो आणि तिरंग्यांच्या गर्दीत ही पुण्यतिथी दरवर्षी बुडून जाते.

याखेरीज लाट येते ती दुसऱ्या कुणी काही केले की. १९९६ मध्ये लिअँडर पेसने अटलांटात कांस्य जिंकले, तेव्हा ‘४४ वर्षांनंतर’ म्हणून खाशाबा आठवले. २००८ मध्ये सुशीलकुमारने बीजिंगमध्ये कुस्तीचे पदक घेतले, तेव्हा ‘५६ वर्षांनंतर’. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवले आणि ‘७२ वर्षांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक’ ही ओळ मराठी मोबाइलवर दिवसभर धावत होती. खाशाबांचे नाव असे नेहमी मोजपट्टीचे पहिले टोक म्हणून येते.

फिनलंडचा सेलाने आणि आपले खाशाबा

ज्या हेलसिंकीत खाशाबांनी पदक घेतले, त्याच शहरात १९७० मध्ये तेमू सेलाने जन्मला. आइस हॉकीतला हा फिनलंडचा सर्वांत लाडका खेळाडू. तो २०१४ मध्ये निवृत्त झाला, पण त्याची एक चित्रफीत आजही समाजमाध्यमांवर फिरते. २ मार्च १९९३ रोजी विनिपेग जेट्सकडून खेळताना त्याने पदार्पणाच्या हंगामातल्या गोलांचा ५३चा जुना विक्रम मोडला, हातमोजा हवेत उडवला आणि हातातली काठी बंदुकीसारखी धरून त्यावर नेम साधल्याचा अभिनय केला. त्या हंगामात त्याने ७६ गोल केले आणि तो विक्रम अजून अबाधित आहे. ज्याला आइस हॉकीतले काही कळत नाही, त्यालाही तो आनंद पाहताक्षणी कळतो. म्हणून ती चित्रफीत टिकली.

खाशाबांच्या बाबतीत असा क्षण डोळ्यांसमोर नाही. त्यांच्या कुस्तीची चित्रफीत मोबाइलवर कुणी पाठवत नाही. फिरतात ती दोन-चार छायाचित्रे, नाही तर रंग भरलेली चित्रे. आज वाळवा, खटाव, माण, खानापूर तालुक्यांतल्या यात्रेच्या मैदानातली दहाव्या नंबरची कुस्तीसुद्धा यूट्यूबवर थेट दिसते, समालोचनासह. ऑलिम्पिक पदक आणणाऱ्याची मात्र एकही पकड आपण पाहिलेली नसते. त्यामुळे त्यांच्याविषयीचा सगळा मजकूर हा कुस्तीचा न होता कुस्तीच्या अवतीभवतीचा होतो. गहाण टाकलेले घर, नाकारलेली मदत, बैलगाड्यांची मिरवणूक. हे सगळे खरे आणि सांगण्यासारखेच आहे. पण खाशाबा लढले कसे, हे त्यात हरवते.

मग ते लढले कसे?

कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये १५ जानेवारी १९२६ रोजी जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, खाशाबा पाच भावांत धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे धडे घेतले. उंची कमी, वजन कमी. ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव त्यातूनच पडले. ताकदीपेक्षा चपळाई हे त्यांचे हत्यार होते आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला उलटवायचे.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गट. मातीत वाढलेल्या पैलवानाला मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढायचे होते. तरीही ते सहावे आले. आपल्याकडे सहाव्याला कुणी फेटा बांधत नाही, पण अनोळखी मॅटवरचे हे सहावे स्थानच पुढच्या पदकाचा पाया होता. पुढची चार वर्षे त्यांनी वजन वाढवून वरच्या गटाची, मॅटवरच्या डावांची तयारी केली.

१९५२ची हेलसिंकी वारी मात्र पैशावाचून अडली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने, कराडकरांनी वर्गणी काढली.

हेलसिंकीतल्या मेसुहाली सभागृहात ५७ किलो म्हणजे बँटमवेट गटात खाशाबा उतरले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. आज उपांत्य फेरीत हरलेला मल्ल कांस्यपदकासाठी वेगळी लढत खेळतो. तेव्हा हार किंवा निसटता विजय यासाठी उणे गुण पडत, ठरावीक उणे गुण झाले की मल्ल बाद होई आणि शेवटी उरलेल्या तिघांत पदकांची वाटणी होई. त्या तिघांत खाशाबा होते. समोर होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह.

इशी मूळचा ज्यूदोपटू. त्याच्याशी खाशाबांची लढत दीर्घ काळ चालली आणि ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना मामेदबेकोव्हविरुद्ध बोलावण्यात आले, दोन लढतींत अर्ध्या तासाचे अंतर हवे हा नियम पुढे करून भांडायला एकही भारतीय पदाधिकारी जागेवर नव्हता, असे त्यांच्या चरित्रकथांत सातत्याने येते. तीही लढत गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. इशीचे ते सुवर्ण त्या ऑलिम्पिकमधले जपानचे एकमेव सुवर्णपदक होते, हे कळले की खाशाबा कुणाशी झुंजले त्याचा अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंग यांचे. हॉकीचे सुवर्ण ही तेव्हा देशाची सवय होती, कौतुकही तिकडेच वळणार. आजच्या भाषेत सांगायचे तर खाशाबांची बातमी एका दिवसात ‘खाली’ गेली.

कराडने मात्र ती वर ठेवली. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या हा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्या लढल्या, मैदाने भरवली आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले.

पुढे पाठवताना काय चुकते?

सर्वांत जास्त फिरणारी चूक म्हणजे ‘भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक’. भारताच्या हॉकी संघाने १९२८ मध्येच सुवर्ण जिंकले होते. त्याआधी १९००च्या पॅरिस स्पर्धेत नॉर्मन प्रिचार्ड यांनी भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळवली होती. खाशाबांचे पदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आहे. तीनही शब्द महत्त्वाचे, पण स्टेटसच्या चौकटीत नेमके तेच गळतात. ‘स्वतंत्र’ गाळले की प्रिचार्ड पुसले जातात आणि ‘वैयक्तिक’ गाळले की हॉकी.

दुसरी चूक तपशिलाची नसून रोखाची आहे. उपेक्षेची गोष्ट जास्त पसरते. राग आला की माणूस बटण दाबतो आणि समाजमाध्यमांचे गणित त्यालाच बळ देते. त्यामुळे खाशाबा म्हणजे बिचारे, सरकारने डावललेले गृहस्थ अशी प्रतिमा पक्की होते. लंडनला सहावा आल्यावर खचून न जाता वरच्या वजनगटात जाऊन चार वर्षांनी पदक घेणारा मल्ल बिचारा नसतो.

पेटकरांचे वेगळे काय?

कराडहून महामार्गाने सांगली जिल्ह्यात शिरले की वाळवा तालुक्यातले पेठ लागते. मुरलीकांत पेटकर इथले. १४ जून २०२४ला कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ प्रदर्शित झाला, त्यात कार्तिक आर्यनने त्यांची भूमिका केली. चित्रपटातला लहानगा मुरली कराड स्थानकावर खाशाबांचे स्वागत पाहतो आणि ऑलिम्पिक पदकाचा ध्यास घेतो. म्हणजे सांगलीच्या एका निवृत्त खेळाडूवरच्या चित्रपटाने साताऱ्याच्या दुसऱ्या खेळाडूलाही पुन्हा पडद्यावर आणले.

पेटकर लष्करात होते, ईएमई दलात. ते मुष्टियोद्धा होते आणि १९६४ मध्ये टोकियोत सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही उतरले होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत ते भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीतही अंतिम फेरीत होते. एकाच खेळावर समाधान मानणारा हा माणूस नव्हेच.

इथेही फॉरवर्डमध्ये दोन घोटाळे होतात. स्पर्धा म्युनिकची नव्हे, हायडेलबर्गची. १९७२चे ऑलिम्पिक म्युनिकला झाले, पॅरालिम्पिक हायडेलबर्गला. आणि ‘भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण’ हे २००८ मधले अभिनव बिंद्राचे आहे. पेटकरांचे सुवर्ण पॅरालिम्पिकचे, त्याच्या ३६ वर्षे आधीचे. दोन्ही आपापल्या जागी मोठी आहेत, एकाच्या जागी दुसरे बसवायची गरज नाही. चित्रपटानंतर पेटकरांपेक्षा ‘चंदू’ हे नावच जास्त शोधले गेले असेल तर नवल नाही. पडद्यावरचा चेहरा ओळखीचा असतो, मूळ माणसाचा नसतो.

तरी पेटकरांच्या लाटेत एक मोठा फरक आहे. ती आली तेव्हा ते हयात होते. त्यांनी ऐंशीच्या दशकात अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो मान्य झाला नव्हता. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही पदकानंतर ४६ वर्षांनी. चित्रपट आला २०२४च्या जूनमध्ये आणि पुढच्या जानेवारीत, २०२५ मध्ये, त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. चित्रपटामुळेच तो मिळाला असे कुणी कागदावर लिहून देणार नाही. पण जे नाव चार दशके कानाआड गेले होते ते घराघरांत पोहोचल्यावर सात महिन्यांत पुरस्कार आला, हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही.

ज्यांची लाट येतच नाही

तारीख नाही, चित्रपट नाही आणि डूडलही नाही, अशांचे काय? खाशाबांबरोबर हेलसिंकीत केशव माणगावे हेही भारताकडून लढले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. आज त्यांचे नाव कुस्तीतल्या जुन्या माणसांखेरीज कुणी घेत नाही. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके आणली. त्यांच्या कुस्त्यांच्या आठवणी पारावर अजून निघतात, मोबाइलवर क्वचित.

सांगलीतच १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे यांची गत आणखी मजेशीर. दर मोसमात ‘विजय हजारे’ हे नाव भरपूर झळकते, पण ते करंडकाचे. कुणी किती शतके ठोकली, कोण उपांत्य फेरीत गेले, हे सगळे त्या नावाखाली येते. ज्या हजारेंनी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२च्या फेब्रुवारीत मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला, ते हजारे स्वतःच्याच नावाच्या मागे उभे असतात.

लोकप्रियतेतून मिळते काय?

खाशाबांना राज्याचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, अर्जुन पुरस्कारही २००० सालचा, मरणोत्तरच. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. पद्म पुरस्कार मात्र आजवर नाही. ‘खाशाबांना पद्म द्या’ ही मागणी दर जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाच्या यादीच्या तोंडावर, नव्याने पसरते. आज पद्मसाठी शिफारस कुणालाही ऑनलाइन करता येते, त्यामुळे एवढ्या लाखो मोबाइलधारकांनी मनावर घेतले तर काय अशक्य, असे वाटते.

अडचण नियमात आहे. पद्म पुरस्कार सर्वसाधारणपणे मरणोत्तर दिले जात नाहीत. अपवादात्मक प्रसंगी विचार होतो, पण निधन अलीकडचे, म्हणजे त्या प्रजासत्ताक दिनाआधीच्या सुमारे वर्षभरातले असावे, अशी अट आहे. खाशाबा जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली. म्हणजे प्रश्न शिफारशींच्या संख्येचा नाही. सरकारने ही अट शिथिल करायचे ठरवले तरच दार उघडते. शेअर करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते आणि त्यामुळे मागणी दरवर्षी चुकीच्या खिडकीवर जाऊन उभी राहते. मागायचेच असेल तर नियमातला बदल मागावा लागेल.

दुसरी मागणी तर याहून साधी होती. गोळेश्वरमध्ये खाशाबांच्या नावाने कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र व्हावे. राज्य सरकारने २००९ मध्ये त्याची घोषणा केली. २०१७ पर्यंत ते उभे राहिले नाही, तेव्हा कुटुंबाने हेलसिंकीचे कांस्यपदकच लिलावात काढून केंद्रासाठी पैसा उभा करण्याची तयारी बोलून दाखवली. ती बातमी देशभर गाजली, मोबाइलवर खूप फिरली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक विकायला निघाले, या मथळ्यावर संतापाचे हजारो शब्द पडले. ‘केंद्राचे काय झाले’ हा प्रश्न मात्र त्या गर्दीत मागे राहिला.

१५ जानेवारी २०२६ला गुरुवार होता. दर जानेवारीला राज्य क्रीडा दिनाचे कार्यक्रम होतात, अभिवादनाच्या पोस्टी पडतात. कराड स्थानकावरून गोळेश्वरला जायला आता बैलगाडी लागत नाही. ज्याला खाशाबांचे गाव पाहायचे आहे, त्याला कराड शहर ओलांडले की थोड्याच वेळात तिथे पोहोचता येते.